इंग्लिशमधून राग काढताय? या चुका टाळा

बीकेसी नाहीतर ऐरोलीच्या ऑफिसात बसून दिवसभर लंडनच्या क्लायंटशी फाडफाड इंग्लिश बोलणारी आपली पोरं, पण एकदा का डोकं सटकलं की आतली मराठी उसळते आणि तिथेच घोळ होतो. "तुला बघून घेईन"चं "आय विल सी यू" केलंत तर समोरचा "शुअर, सी यू" म्हणून फोन ठेवणार. तंगडं तोडायच्या नादात "ब्रेक अ लेग" निघालं तर झालंच कल्याण, कारण तिकडचे नाटकवाले स्टेजवर जाण्याआधी एकमेकांना शुभेच्छा देतात त्या ह्याच. आणि "कानाखाली वाजवीन" कृपया इंग्लिशमध्ये नेऊच नका.

उलटी गडबडपण होते. ब्रिटिश मॅनेजर "आय विल हॅव युअर गट्स फॉर गार्टर्स" म्हणाला की आपल्याला गट्स म्हणजे हिंमत एवढंच माहीत, त्यामुळे एखादा चक्क खुश होतो. अहो, इथे गट्स म्हणजे आतडी आणि गार्टर म्हणजे मोजा घसरू नये म्हणून बांधायचा पट्टा, आता जोडा दोन्ही! सोळाव्या शतकाच्या शेवटापासून चालत आलेली धमकी आहे ही, पण अमेरिकन क्लायंटवर वापरू नका, त्याला बहुतेक कळणारच नाही. "हेड्स विल रोल"मध्ये मुंडकी नाही, नोकऱ्या जातात. "रीड द रायट अ‍ॅक्ट" म्हणजे नुसतं सणसणीत झापणं, पण 1715 पासून ब्रिटनमध्ये खरंच तसा कायदा होता, 12 किंवा जास्त लोकांच्या जमावासमोर आदेश वाचला की तासाभरात पांगायचं.

सगळ्यात महागात पडते ती लेखी धमकी, कारण त्यात तुमचा आवाज नाही की चेहरा नाही. 2010 मध्ये इंग्लंडमधल्या एका तरुणाने बर्फामुळे बंद पडलेलं विमानतळ उडवून देईन असं वैतागून ट्विट केलं, गंमतच होती, तरी कोर्टात दोषी ठरला आणि 2012 मध्ये वरच्या कोर्टात सुटला. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेचं कलम 351 धमकीसाठीच आहे.

म्हणून वाक्यात मरणारा स्वतःलाच करा. "माय बॉस विल किल मी" बिनधास्त चालतं.

आणि धमकीचा मेसेज पाठवून बसला असाल तर "जोक होता यार" लिहू नका, त्याने माणूस आणखी चिडतो. सरळ फोन लावा, काम लटकलं म्हणून भडकलो, सॉरी, एवढंच बोला. डिलीट करत बसण्यात अर्थ नाही, स्क्रीनशॉट केव्हाच ग्रुपवर फिरत असतो.