वेंडरचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये न्यायचाय? आधी काय फेकायचं ते ठरवा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत मशीनला लावलेल्या कितीतरी पॅनल पीसीच्या मागे एक स्वस्तातलं यूएसबी वायफाय डोंगल खोचलेलं असतं आणि त्याचा ड्रायव्हर म्हणजे वेंडरने कधीतरी दिलेली झिप फाइल. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केला की संपलं, मेक मारा म्हणजे ड्रायव्हर पुन्हा बिल्ड करा आणि एरर मोजत बसा. कर्नलच्या आतला एपीआय, म्हणजे ड्रायव्हर वापरतो ती फंक्शन्स, तशीच राहतील असं वचन कुणी दिलेलंच नाहीये, ४.१५ ला जुनं टायमर सेटअप गेलं, ५.० ला अ‍ॅक्सेस ओके मधलं एक आर्ग्युमेंट गेलं, आणि वेंडर तोवर पुढच्या चिपच्या मागे. दर वेळी ठिगळं लावण्यापेक्षा ड्रायव्हर मेनलाइनमध्येच, म्हणजे कर्नलच्या अधिकृत मुख्य कोडमध्येच, नेलेला बरा.

सगळ्यात आधी लायसन्स बघा. फाइलच्या डोक्यावर जीपीएल (कर्नलचं स्वतःचं मुक्त लायसन्स) असेल तर ठीक, नुसतंच कॉन्फिडेन्शियल वगैरे लिहिलं असेल तर वेंडरकडून लेखी घ्या, नाहीतर त्यातली ओळसुद्धा उचलू नका.

दुसरं, चिप आधीच सपोर्टेड आहे का ते तपासा. रिअलटेक ८१८८ईयू चा वेंडरवाला ड्रायव्हर स्टेजिंगमध्ये (कर्नलमधल्या कच्च्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये) पडून होता, तो ६.३ मध्ये काढून टाकला कारण कर्नलमधलाच आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा ड्रायव्हर ती चिप चालवायला लागला. अशा वेळी एलएसयूएसबी कमांडमध्ये दिसणारा डोंगलचा आयडी त्या ड्रायव्हरच्या टेबलमध्ये टाकला की काम होतं, महिनाभराची मेहनत वाचते.

तसं नसेल तर कोड उघडा, आणि घाबरू नका. त्यात निम्म्याहून जास्त आपल्या कामाचं नसतं. स्कॅन, ऑथेंटिकेशन, एन्क्रिप्शन सगळं त्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं, जे कर्नलमध्ये मॅक८०२११ हा वायफायचा सामायिक भाग आधीच करतो, वर विंडोजसाठीचे रॅपर आणि प्रत्येक कर्नल व्हर्जनसाठी वेगळा कोड निवडणारे इफडेफ. मिसळ मागवली तर यांनी भटारखानाच आणलाय! म्हणून जुना कोड घासूनपुसून चकचकीत करत बसू नका. ठेवायचं ते एवढंच: पॉवर-ऑनचा रजिस्टर क्रम, फर्मवेअर लोड करायची पद्धत, ईफ्यूज (चिपमध्ये कारखान्यातच लिहिलेली माहिती) वाचणं आणि रेडिओची कॅलिब्रेशन टेबलं. ही माहिती डेटाशीटमध्ये पण नसते बऱ्याचदा (डेटाशीट मिळालंच तर). पॉवर-ऑनमधले डीले उगाच वाटले तरी उडवू नका, चिपला ते खरंच लागतात की नाही हे आधी हार्डवेअरवर बघा.

आता एक जागा जिथे भलेभले अडकतात. रिअलटेकच्या कोडमध्ये सक्सेस म्हणजे १ आणि फेल म्हणजे ०. कर्नलमध्ये उलटं, ० म्हणजे झालं आणि चुकलं तर निगेटिव्ह एरर नंबर. तुम्ही फंक्शन बदललं पण त्याला बोलावणारा एखादा कोपऱ्यातला इफ अजून ‘फेलच्या बरोबर आहे का’ असंच विचारत असेल तर नीट झालेलं काम फेल धरलं जातं आणि खरा एरर पास होतो, कंपायलर तर चकार शब्द काढत नाही. त्यामुळे एक फंक्शन घ्या, ग्रेप मारून (कोडमध्ये नाव शोधून) त्याला बोलावणारा सगळा कोड शोधा आणि सगळं एकाच पॅचमध्ये बदला.

एंडियनच्या, म्हणजे आकड्यातल्या बाइट्सच्या क्रमाच्या, चुका आपल्या पीसीवर दिसणारच नाहीत, त्या पकडायला स्पार्स हे कोड तपासणारं टूल चालवा.

टेस्टिंग आधी घरी करा. शॉप फ्लोअरवर वेल्डिंग चालू, मोठे मोटर ड्राइव्ह चालू, त्यात कनेक्शन तुटलं तर दोष कोडचा की इलेक्ट्रिकल नॉइजचा हे कळतच नाही. सिरियल कन्सोलची केबल लावून ठेवा, पॅनिक आला (कर्नल कोसळला) की शेवटच्या ओळी तिथेच मिळतात.

कर्नलच्या मेंटेनरना पाठवताना एका पॅचमध्ये एकच बदल, आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे. चेकपॅच ही कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट चालवा पण तो म्हणतो म्हणून वाचता येणारी ओळ तोडू नका. गेट मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल कुणाला पाठवायचं ते, मेल साधा टेक्स्ट, गिट सेंड-ईमेलने, खाली साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी तुमच्या नावाची ओळ. मर्ज विंडोच्या (नव्या व्हर्जनसाठी बदल मुख्य कर्नलमध्ये घेतात त्या) दोन आठवड्यांत नवीन ड्रायव्हर पाठवू नका, कुणी बघणार नाही. कॉमेंट आल्या की व्ही२, म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, करा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा, म्हणजे ते कमिट मेसेजमध्ये जात नाही.