झाडांमधलं सोपं स्कीइंग कुठे मिळेल?
रिसॉर्ट निवडताना आधी उतार बघा, मग झाडं. सौम्य उतार आणि विरळ पानझडी वन ही जोडी सर्वांत उत्तम. जपानच्या होक्काइदोतलं रुसुत्सु माझ्या मते यासाठी पहिलं: तीन डोंगर, भरपूर भुसभुशीत बर्फ आणि पानं झडलेले बर्च, त्यामुळे पुढचं लांबवर दिसतं. अमेरिकेत कोलोरॅडोतलं स्टीमबोट अ‍ॅस्पेन या पानझडी झाडांच्या वनांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे उतार जरा पारखून घ्या.

नजर झाडावर नको, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवा. सूचिपर्णी झाडांच्या झुकलेल्या फांद्यांखाली, बुंध्याभोवती, बर्फात खोल पोकळी लपलेली असते. तिच्यात डोकं खाली होऊन पडलं, तर एकट्याने बाहेर येणं फार कठीण. म्हणून जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका आणि जाकिटाला शिट्टी अडकवाच.