या चुका टाळा: पन्हाळा ते पावनखिंड पायी जाताना

आषाढ लागला की कोल्हापुरातून पाठीला सॅक लावलेली पोरं पन्हाळ्याकडे निघतात. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, त्याच मुलखातून चालायचं आणि पावनखिंडीत बाजीप्रभूंपुढे डोकं टेकवायचं. अंतर जवळपास ५० किलोमीटर, चाल दोन दिवसांची. मोठ्या मोहिमेबरोबर गेलं तर पुढे शेकडो माणसं असतात, वाट चुकत नाही आणि जनावरही दिसत नाही. पुढचं सगळं चार-सहा जणांनी स्वतंत्रपणे जाणाऱ्यांसाठी आहे. दरवर्षी त्याच त्या चुका होतात आणि बहुतेक घाईपायी होतात.

ढोरवाटेला पायवाट समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ती मसाई पठारावर होते. गडाच्या राजदिंडी दरवाजाने उतरून, तुरुकवाडी मागे टाकून वर चढलं की पायाखाली जांभा कातळ, त्यावर गवत आणि जुलैत चहूकडे धुकं. दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. कातळावर पाऊल उमटत नाही, म्हणून वाट तुटक दिसते. अशात छान मळलेली ओळ समोर आली की माणूस तिच्या मागे लागतो.

सहा जणांच्या एका गटाचं असंच झालं. पठारावर पोचायलाच अकरा वाजले होते. मोबाइलचा पडदा पावसाने भिजला, बोट चालेना, म्हणून फोन खिशात गेला; ‘वाट तर दिसतेय की’ म्हणत चाल सुरू राहिली. ती वाट एका डबक्यापाशी संपली. तिथून फुटलेला एक फाटा उताराला लागला आणि उतार म्हणजे कुंभारवाडी, असं सगळ्यांनी धरून चाललं. पाऊण तासाने झुडपांत शिरले, तर पुढे कडा. धुकं क्षणभर फाटलं तेव्हा खाली वाडी दिसली, तीही भलत्याच अंगाची. परत चढून मसाईच्या देवळापाशी यायला अडीच वाजले आणि करपेवाडीचा मुक्काम रात्री साडेनऊला गाठला, तोही सहा जणांत एका बॅटरीच्या उजेडात.

ढोरवाट ओळखता येते. गुरं चरत जातात, म्हणून त्यांच्या वाटा एकीला एक लागून चार-पाच असतात आणि पाण्याशी किंवा चांगल्या गवताशी विरतात. जनावर झुडपाखालून जातं, त्यामुळे तिथे फांदी तुमच्या छातीला अडते. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात, छाटलेलं टोक तिरपं दिसतं. चढावर दगड पायरीसारखे बसवलेले आणि गुळगुळीत असतात, ओढ्यात पाय ठेवायला धोंडे टाकलेले असतात. यातलं काहीच पाच मिनिटांत दिसलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे फिरायचं. पुढे जाऊन ‘कुठेतरी मिळेलच’ म्हणणाऱ्याला पुढारी करू नका.

धुक्यात वाऱ्याचा आधार घ्या. वाट साधारण पश्चिमेला जाते आणि जुलैचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पाऊस समोरून नाहीतर डाव्या गालावर बसायला हवा. तो पाठीवर बसायला लागला तर तुम्ही वळलेले आहात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, फोन जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दहा रुपयांचं साधं होकायंत्र मिळालं तरी गळ्यात अडकवा.

वाडीत विचारतानाही चुकतं. ‘मामा, अजून किती लांब?’ या प्रश्नाला ‘हे काय, आलंच’ हेच उत्तर मिळणार, कारण ते मामा रोज वैरणीचा भारा घेऊन तेवढं चालतात. त्यापेक्षा ‘मामा, पुढच्या वाडीला माणसं कुठनं जातात? मधे ओढे किती लागतात? आज पाणी किती हाय?’ असं विचारा. उत्तर नीट मिळतं.

गव्याला म्हैस समजणं

शाहूवाडी आणि पन्हाळ्याच्या जंगलकडेने गवा आहे, उसाच्या फडात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तो थेट कोल्हापूर शहरात आला होता आणि त्याच दिवसांत करवीर तालुक्यात गव्याच्या धडकेत एका तरुणाचा जीव गेला. तरी लोक मोबाइल पुढे करून जवळ जातात.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशी पावणेदोन मीटरच्या आसपास उंच असतो, वजन हजार किलोपर्यंत जातं. गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, पायमोजे घातल्यासारखे. हीच खूण लांबून पटवा. सगळ्यात मोठा गैरसमज त्याच्या उभं राहण्याबद्दल आहे. गवा बाजू दाखवून, मान जराशी खाली घालून आडवा उभा राहिला की लोकांना वाटतं, फोटोसाठी थांबलाय. तो आपलं आकारमान दाखवतोय. ती ताकीद आहे. त्यानंतर नाकातून जोरात फुस्कारा येतो, आणि तरीही पुढे सरकलात तर धाव येते.

कळप दिसला तर पन्नास मीटर हे कमीत कमी अंतर समजा. वासरू सोबत असेल किंवा नर एकटा असेल तर दुप्पट. थांबा, बोलणं बंद करा, पाठ न फिरवता आल्या वाटेने मागे सरका. त्याच्या जंगलात जायच्या वाटेवर उभं राहू नका, कोंडी झाली की तो माणसावर येतो. ओरडून, दगड मारून हुसकावायचं तर मुळीच नाही. गवा बुजून पळतो तो कुणाच्या तरी रोपात नाहीतर शिवारात काम करणाऱ्या बायामाणसांवर. कुत्रं सोबत नेऊ नका. ते गव्यावर भुंकतं आणि घाबरून तुमच्याकडेच पळत येतं.

बाकीच्या

नवे बूट. पंधरा दिवस घालून भिजवून वापरलेले नसतील तर पहिल्या मुक्कामालाच टाचेचा फोड फुटतो. जीन्स तर नकोच, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलते.

डांबरी रस्त्याचा हिशोब. तिथे तासाला पाच किलोमीटर होतात, या चिखलात अडीच-तीन. जुलैत दिवस सव्वासातला मावळतो, पण ढगाखालच्या झाडीत साडेसहालाच अंधारतं. पन्हाळ्यावरून सहाला पाऊल निघालंच पाहिजे. नाश्ता चालता चालता गूळ-शेंगदाण्यांचा, खर्डा-भाकरी दुपारी.

जळू ओढून काढणं. ओढली की जखम चिघळते. नखाने तिचं बारीक तोंड बाजूने सरकवा, मग मागचं. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरायचं कारण नाही, दाबून धरा.

दगड उलटणं आणि न बघता त्यावर बसणं. कातळावरच्या दगडाखाली फुरसं असतं, वीतभर-दीड वीत, विटकरी रंगाचं, अंगाला अंग घासून करकर आवाज करणारं. दंश झाला तर आवळून दोरी बांधू नका, चिरू नका. अंगठी-कडं काढा, पाय हलू न देता १०८ ला फोन करा किंवा उचलून नजीकचं सरकारी रुग्णालय गाठा. पुढच्या उपचारांना कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. झुडपावर बसणाऱ्या चापडा या हिरव्या सापावर ते चालत नाही, तरी दवाखाना टाळू नका. फांदी धरण्याआधी मात्र बघा.

लाल पाण्याचा ओढा. तळ दिसत नसेल आणि पाणी गुडघ्याला लागत असेल तर काठावर बसा. पाऊस थांबला की असा ओढा तास-दीड तासात उतरतो. हात धरून साखळी करणं हा उपाय नाही, एक घसरला की सगळे जातात.

रोप लावणीच्या दिवसांत बांध तुडवणं. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि त्या घरचं आख्खं दिवसाचं काम वाया जातं. वाट खाचरातूनच असेल तर एकामागे एक, बांधाच्या मधोमध चाला.

आणि स्पीकर. तो वाजतो तिथे टिटवी सोडून काही उरत नाही. पठारावर पाऊस उघडला की मलबारी चंडोल गवतातून उठतो, सर्पगरुड पंख वाळवायला निष्पर्ण फांदीवर येऊन बसतो. दोन्हींसाठी दहा मिनिटं एका जागी गप्प उभं राहावं लागतं. खिंडीअलीकडच्या पांढरेपाणी गावाहून पुढे मुक्काम असेल तर उजाडायच्या आत खिंडीत उतरा. पाण्याच्या आवाजावर एखादं पोर वाट चुकून शीळ घालतंय असं वाटेल, तो कस्तुर पक्षी. काळानिळा, ओल्या धोंड्यावर बसलेला असतो. नऊनंतर लोखंडी शिडीवर गर्दी झाली की तो झाडीत जातो.