डबल्समध्ये नेटवर खेळायला शिकायचंय? राडेक स्टेपानेक बघा

क्लबात टेनिस डबल्स खेळणारे बरेच जण टीव्हीवर सिंगल्सच बघतात आणि मग कोर्टवर दोघंही बेसलाइनला उभे राहून जोरजोरात मारत बसतात. चाळिशीत ते खांद्याला झेपत नाही आणि पॉइंटही मिळत नाहीत. डबल्स नेटवर जिंकतात, आणि हे शिकायला मला तरी राडेक स्टेपानेकइतका चांगला मास्तर दुसरा दिसत नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चेक प्लेयर, जन्म 1978 चा, कार्विनाचा. सिंगल्समध्ये 2006 ला वर्ल्ड नंबर 8 पर्यंत गेला, 2017 मध्ये रिटायर झाला, त्यानंतर काही महिने जोकोविचच्या कोचिंग टीममध्येही होता. आपल्याकडे तो लक्षात आहे तो आपल्या लिएंडर पेसचा पार्टनर म्हणून. 2012 ची ऑस्ट्रेलियन ओपन दोघांनी जिंकली, फायनलला समोर अमेरिकेची ब्रायन बंधूंची जोडी, जे तिथे सलग तीन वर्षं चॅम्पियन होते, आणि स्कोअर 7-6, 6-2. स्टेपानेक तेव्हा 33 चा, पेस 38 चा! पुढे 2013 ला यूएस ओपनही घेतली. म्हणून म्हणतो, वय झालं वगैरे कारणं बाजूला ठेवा.

आता बघायचं कसं. सुरुवात त्या 2012 च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलपासून करा, पण बॉलकडे बघू नका. जो मारत नाहीये त्याच्याकडे बघा, त्याचे पाय बघा. समोरचा बॉल मारतो बरोब्बर त्याच क्षणी नेटवरचा माणूस छोटीशी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतो, ही स्प्लिट स्टेप. आपल्याकडे लोक पळत पळतच व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला बॉल) मारायला जातात आणि बॉल अंगावर आला की अडकतात. धावत असाल तरी समोरच्याने मारायच्या वेळी थांबायचं, भले सर्व्हिस लाइनच्या मागेच का असेना.

ग्रिप कॉन्टिनेंटल, हातोडी धरतो तशी, आणि फोरहँड बॅकहँड दोन्हीला तीच, कारण नेटवर ग्रिप बदलायला वेळच नसतो. रॅकेट छातीसमोर, मागे न्यायची नाही, हा एक मुद्दा पाळला तरी निम्म्या चुका जातील. पहिल्याच व्हॉलीला थेट पॉइंट संपवायला जाऊ नका, दोघांच्या मधून खोल किंवा जो पुढे येतोय त्याच्या पायाशी टाका, त्याला बॉल उचलून द्यावा लागतो आणि तुमची दुसरी व्हॉली सोपी होते.

रिटर्नला सेकंड सर्व्ह आली की छोटा स्विंग, बॉल स्लाइसने (उलटी फिरकी देऊन) खाली ठेवायचा आणि त्याच्यामागे लगेच पुढे जायचं. सिंगल्समध्येसुद्धा स्टेपानेक असाच संधी मिळाली की नेटवर यायचा, ताकदीच्या बाबतीत त्याच्यापेक्षा भारी प्लेयर खूप होते पण समोरच्याला सेट होऊ देत नव्हता.

पोचिंग, म्हणजे पार्टनरकडे जाणारा रिटर्न नेटवरच्याने मध्येच घुसून मारणं, मात्र बघून कळत नाही, करूनच कळतं. आधी ठरवायचं, पाठीमागे हाताने पार्टनरला खूण करायची, आणि सर्व्ह कुठे पडणार तेही ठरलेलं पाहिजे. सर्व्ह मधल्या टीवर (सर्व्हिस लाइन आणि मधली रेघ मिळते तिथे) असेल तर पोच करायला सोपं जातं कारण रिटर्नला अँगल मिळत नाही. निघालात की आडवं नाही, तिरकं पुढे नेटकडे जायचं. लवकर निघालात तर रिटर्न करणारा बाजूच्या लाइनवरून बॉल तुमच्या पलीकडे काढेल, म्हणजे पास करेल, त्यामुळे त्याचा स्विंग सुरू होईपर्यंत थांबा. आणि एकदा निघालात की अर्ध्यात परत फिरायचं नाही, पार्टनर तुमची बाजू कव्हर करायला ऑलरेडी निघालेला असतो. दोन-तीन वेळा पास झालात तरी पुढच्या गेमला परत जा, कारण रिटर्न करणारा मग तुमच्याकडेच बघत राहतो आणि साधा बॉल नेटमध्ये घालतो.

लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला बॉल) आला तर ओरडून सांगा, "माझा" किंवा "तुझा", गप्प राहायचं नाही. तुमच्या डोक्यावरून गेलेल्या बॉलसाठी पार्टनर मागे पळाला तर तुम्ही त्याची रिकामी झालेली बाजू कव्हर करा.

प्रॅक्टिसला चौघं मिळून फक्त सर्व्हिस बॉक्समध्ये उभे राहा, बॉल टप्पा पडू द्यायचा नाही, 11 पॉइंटचा गेम. रोज सुरुवातीला दहा मिनिटं पुरे.

हे थोडं जमायला लागलं की 2013 च्या यूएस ओपनची सेमीफायनल बघा. ब्रायन बंधूंनी त्या वर्षीच्या पहिल्या तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकल्या होत्या, चौथी राहिली होती, आणि पहिला सेट 6-3 असा त्यांनी घेतला. तरी पेस-स्टेपानेक पुढचे दोन 6-3, 6-4 असे काढतात. पिछाडीवर असतानाही दोघं पॉइंट संपला की एकमेकांकडे जातात, बोलतात, मगच पुढचा पॉइंट. क्लबात आपण पार्टनरने चूक केली की तोंड फिरवून उभे राहतो, ते आधी बंद करा.

आणि जमलं तर 2012 च्या डेव्हिस कप (देशांच्या टीमची स्पर्धा) फायनलची प्रागमधली शेवटची मॅच शोधा. स्पेनविरुद्ध मॅचेस 2-2 अशा बरोबरीत, समोर त्यांचा अल्माग्रो, आणि स्टेपानेक आदल्या दोन दिवसांत एक सिंगल्स आणि एक डबल्स खेळून आलेला, तरी चार सेटमध्ये जिंकला. सिंगल्स आहे, पण तो नेटवर कधी येतो आणि कधी मागेच थांबतो ते वहीत लिहीत बघा.