पेट्रोलचा वास येतोय? आधी झाकण बघा
चेक इंजिनचा दिवा लागलाय नि स्कॅनरवर पी०४५५ कोड (म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या लाइनीत मोठी गळती) आलाय तर लगेच पार्ट बदलायला जाऊ नका, आधी टाकीच्या झाकणाचं रबर बोटानं चाचपा, चिरलेलं असलं की वाफ तिथनंच गळते. मग पर्ज वॉल्व्ह बघा, म्हणजे कॅनिस्टरमधली (टाकीची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यातली) वाफ इंजिनात सोडणारा वॉल्व्ह. थंड इंजिन चालू करून कॅनिस्टरकडचा पाइप वॉल्व्हवरनं काढा नि वॉल्व्हच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागली तर वॉल्व्ह उघडाच अडकलाय, थंड आयडलिंगला तो बंदच पाहिजे. तरीबी नाही सापडलं तर स्मोक मशीनवालं (लाइनीत धूर सोडून गळती दाखवणारं) गॅरेज गाठा, पण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा लाइनीत अजिबात मारू नका, इथं १ पीएसआयच्या आतलंच प्रेशर लागतं, चांगला कॅनिस्टर फुकट जायचा. आणि जवळपास विडी-काडी नको बघा.