रेम्ब्रांटची मार्गारेथा गिरवताय? या चुका टाळा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मार्गारेथा द खेर हिचं व्यक्तिचित्र आहे, डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६६१च्या सुमारास रंगवलेलं. नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्ट शहरातल्या धनाढ्य व्यापाऱ्याची, याकोब ट्रिपची ही पत्नी. पंचाहत्तरी ओलांडलेली, खुर्चीत ताठ बसलेली. तैलरंग शिकणाऱ्यानं हे चित्र एकदा तरी गिरवावंच, असं मला मनापासून वाटतं.

बहुतेकांचं गाडं अडतं ते गळपट्टीपाशी. डच भाषेत या जाड, गोल, चुणीदार गळपट्टीचं नावच 'जात्याच्या दगडाची गळपट्टी'. १६६१पर्यंत तिची फॅशन केव्हाच मागे पडली होती, आजीबाईंनी मात्र ती सोडली नव्हती. ती शुभ्र दिसते म्हणून आपण ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट तसाच लावतो आणि हनुवटीखाली चिनी मातीची बशी तयार होते. माझ्या पहिल्या प्रतीत नेमकं हेच झालं. त्यापेक्षा पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित काळा मिसळून आधी सगळी गळपट्टी मळकट छटेत भरा. चुण्यांच्या सावल्या रंग ओला असतानाच ओढा. निखळ पांढरा अगदी शेवटी, उजेड थेट पडतो तिथेच, जाडसर ठेवा. रेम्ब्रांटचा पांढरा शिशाचा होता. तो विषारी, त्याच्या नादी लागू नका.

काळ्या पोशाखात नुसता आयव्हरी ब्लॅक फासला, तर कापडाऐवजी भोक दिसतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळा, म्हणजे काळ्यातही ऊब-गारवा येतो. शिवाय आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. तो ओला असताना वर लवकर वाळणारा अंबर चढवलात, तर पुढे तडे जातात.

बाई खुर्चीवरून घसरतेय असं वाटतं का? मग मांड्या तपासा. समोरून पाहताना त्या बऱ्याच आखूड दिसतात, आपण मात्र माहीत असलेली लांबी काढून बसतो.

फोनवरच्या लहान फोटोवरून तर कामच करू नका, त्यात सगळा अंधार सपाट होतो. गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून पाहता येतं.

मला सर्वांत जास्त खुपते ती चेहऱ्यातली चूक. मऊ ब्रश फिरवत बसलो की सुरकुत्या पुसल्या जातात आणि नकळत आपण तिला पन्नाशीची करून टाकतो. तसं झालं असेल, तर रंग वाळायच्या आत तेवढा भाग पॅलेट नाइफनं खरवडा आणि राठ ब्रशनं, एकेक फटकारा न घोटता, पुन्हा मांडा.