जागेपणी मेंदूची शस्त्रक्रिया: भूलशास्त्राच्या नव्या रेसिडेंटसाठी, माझ्या चुकीसकट

अवेक क्रॅनिओटॉमीच्या, म्हणजे पेशंट जागा ठेवून कवटी उघडायच्या शस्त्रक्रियेच्या लिस्टवर पहिल्यांदा नाव लागलं की आदल्या रात्री झोप येत नाही. मला आजही नीट येत नाही. स्काल्प ब्लॉकच्या, म्हणजे डोक्याची कातडी बधिर करायच्या इंजेक्शनांच्या दोन्ही बाजूंच्या सहा-सहा नर्व्ह, हलक्या गुंगीच्या डेक्समेडेटोमिडिनचा डोस, हे तुम्हाला पाठ असेलच. बधिर करणाऱ्या ब्युपिव्हकेनचा हिशोब मात्र कागदावर मांडा. 60 किलोच्या माणसाला किलोमागे 2 मिलिग्रॅम धरले तर 120 मिलिग्रॅम, म्हणजे 0.25 टक्क्याचे 48 मिली. सर्जन छेदाच्या जागी जे टोचतील तेही यातच धरायचं. ‘थोडंसंच दिलंय’ हे उत्तर घेऊ नका, किती मिली ते विचारा. आणि यूट्यूबवर बघून ब्लॉक येत नाही. कानापुढे टेम्पोरल आर्टरीचा ठोका कुठे लागतो, हे कुणीतरी तुमचं बोट धरून दाखवावं लागतं.

आता मला जिथे ठेच लागली ते सांगते.

जुन्नरकडचे शेतकरी काका, मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात (फ्रंटल लोबमध्ये) ग्लायोमा नावाची गाठ, बोलण्याच्या भागाला अगदी लागून. उजव्या कुशीवर झोपवलेले, डोकं क्लॅम्पच्या पिनांमध्ये पक्कं. गाठ काढताना बोलणं तपासत राहता यावं म्हणून जागे केल्यावर छान बोलत होते. अर्ध्या तासाने पाय हलवायला लागले. ‘‘ताई, लघवीला लागलीय.’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘काका, नळी घातलीय, होऊ द्या.’’ मीही तेच म्हणाले. तीनदा झालं असं. मग ते गप्प झाले, कपाळावर घाम आला, ड्रेपखाली हात ओढायला लागले. ‘‘पेशंट हलतोय!’’ सर्जनचा आवाज चढला. मी घाबरले आणि झोपवणाऱ्या प्रोपोफॉलचे 30 मिलिग्रॅम दिले.

काका शांत झाले, आणि पाठोपाठ घोरायला लागले. जीभ मागे पडली होती. नाकाजवळच्या कॅप्नोग्राफची, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची लाट आधी बुटकी झाली, मग सपाट. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘‘ब्रेन टाइट होतोय.’’

ही साखळी नीट समजून घ्या, कारण ती फार पटकन घडते. श्वास अडला की कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. कवटी उघडी असते, त्यामुळे मेंदू त्या खिडकीतून वर येतो. आणि डोकं पिनांत असल्याने तुम्हाला मान सरळ करून ट्यूब टाकता येत नाही. जबडा पुढे ओढला, नाकातून एअरवे घातला, ऑक्सिजन वाढवला, टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली. लाट परत आली तेव्हा माझ्या हाताला कंप होता.

माझ्या मॅडमनी तोपर्यंत खाली वाकून ड्रेपमध्ये टॉर्च मारला होता. कॅथेटरची नळी मांडीखाली मुडपली होती. मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं, लघवी वाढवणारं औषध) देऊन तासापेक्षा जास्त वेळ झाला होता आणि युरोबॅग जवळजवळ कोरडी. नळी सरळ केल्याबरोबर बॅग भरायला लागली. त्या माणसाने तीनदा स्पष्ट मराठीत सांगितलं होतं आणि आम्ही तिघांनी ऐकलं नव्हतं.

पेशंट अस्वस्थ झाला की हात सिरिंजकडे जातो, तो थांबवा. आधी युरोबॅग बघा. मग खालचा खांदा, कोरडं तोंड, थंडी, मळमळ, ब्लॉक उतरलाय का, फिट येतेय का. अचानक गप्प झालेला पेशंट म्हणजे शांत झालेला पेशंट नव्हे. ती फिटची सुरुवात असू शकते, आणि गुंगी दिलीत तर ते झाकलं जाईल. फिट आलीच तर स्टिम्युलेशन, म्हणजे बोलण्याची जागा शोधायला मेंदूला दिलेला हलका करंट, थांबवून सर्जन मेंदूवर थंड सलाईन सोडतात, बहुतेकदा तेवढ्याने आटोक्यात येते. ते सलाईन बर्फात आहे का, हे सकाळीच थिएटरमधल्या मदतनीस मामांना विचारून ठेवा.

हे वाचून कुणी घाबरू नये. काका वीस-पंचवीस मिनिटांत पुरते जागे झाले, बोलणं तपासायचं चित्राचं कार्ड दाखवल्यावर ‘‘विळी’’ म्हणाले, आणि काम पुढे सुरू झालं. तुमच्या हातूनही काहीतरी चुकेल. वाकून टॉर्च मारणारं माणूस जवळ असेल असं युनिट निवडा, मोठ्या नावापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. त्या दिवशी मॅडम मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. केस संपल्यावर शेजारी बसवून सगळा क्रम माझ्याकडून लिहून घेतला.

कार्डांचंही सांगते. तयार मिळणाऱ्या संचांत हार्प, इग्लू असली चित्रं असतात. पेशंटला शब्द आठवत नाही की ती वस्तू आयुष्यात पाहिलेलीच नाही, हे टेबलावर कळत नाही. म्हणून एका रविवारी मी मंडई आणि तुळशीबागेत फिरून फोटो काढले: विळी, तांब्या, कंदील, वरवंटा, सूप. आदल्या दिवशी वॉर्डमध्ये सगळी कार्डं दाखवायची. जे नाव तो घरी घेतो तेच लिहून ठेवायचं, जे अडतं ते कार्ड बाजूला काढायचं. नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘जागेपणी डोकं उघडणार?’’ त्यांना मी सांगते की मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते कातडीला आणि वरच्या आवरणाला, तिथे भूल देतो. पेनफिल्ड नावाचे सर्जन 1930च्या दशकात माँट्रियलला असंच करत होते, ही नवी टूम नाही. त्यानंतर त्यांचे प्रश्न जेवणाखाण्यावर येतात.

आदल्या दिवशीच्या त्याच भेटीत पेशंटला ज्या कुशीवर झोपवणार त्या कुशीवर पलंगावर वीस मिनिटं झोपायला सांगा आणि कुठे रग लागते ते विचारा. मी स्वतः एकदा रिकाम्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर तसं झोपून पाहिलं. पंधराव्या मिनिटाला खालचा खांदा दुखायला लागला, आणि तेव्हापासून काखेखाली रोल ठेवल्याशिवाय मी ड्रेप घालू देत नाही.